पाटणे : बाजाराच्या उत्पन्नावर चाललेले गणित

चाळीसगावच्या दक्षिणेस, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेले पाटणे आज एक लहानसे खेडे आहे. 'पट्टण' म्हणजे मात्र शहर, व्यापारपेठ! हे नाव पोकळ नाही, याची साक्ष पाटणादेवीच्या मंदिरातील शिलालेख देतो.

देवगिरीच्या यादवांचे मांडलिक निकुंभ राजे येथे सत्ता गाजवीत. सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला. त्यास निकुंभ राजा सोइदेवाने इ. स. १२०७ च्या सुमारास देणगी दिली. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात असला, तरी बाजारातील मालावरचा कर आणि तेल्यांच्या घाण्यामागे पळीभर तेल मठास द्यावे, हा व्यवहार जुन्या मराठीत कोरला आहे. तो तेल्यांना आणि व्यापाऱ्यांना कळणे अगत्याचे होते ना!

भास्कराचार्य येथलेच, असे पाटण्यात अभिमानाने सांगितले जाते; त्यांच्या मूळ गावाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख प्रकाशात आणला. त्याच शतकात रेल्वे आली, ती चाळीसगावावरून. पाटण्याभोवती आता गौताळा अभयारण्याचे जंगल आहे.