लहान हातांसाठी पहिली गिटार

मुलासाठी पहिली अकॉस्टिक गिटार निवडताना दोन गोष्टी सगळ्यांत आधी पाहाव्या लागतात: ती मुलाच्या अंगाला बसते का, आणि तिच्या तारा त्याच्या बोटांनी दाबल्या जातात का. लाकूड, रंग, नाव आणि सोबत मिळणारी बॅग यांचा विचार त्यानंतर. दुकानात हा क्रम बहुधा उलटा होतो. मुलाची नजर चकचकीत निळ्या किंवा काळ्या गिटारवर खिळते, पालक किमतीची चिठ्ठी वाचतात, विक्रेता दोन-तीन कॉर्ड वाजवून दाखवतो आणि त्याच्या सरावलेल्या हातांत कोणतीही गिटार गोड वाजते. नऊ वर्षांच्या मुलाला तीच तार दाबता येईल का, हे त्या वाजवण्यातून कळत नाही. पुष्कळ मुले दोन-तीन महिन्यांत गिटार सोडतात आणि आवड नव्हती असे घरात धरले जाते. कित्येकदा अडचण आवडीची नसते. हातात दिलेले वाद्यच वाजवण्याजोगे नसते.

भारतीय बाजारात गिटारचे माप दोन तऱ्हांनी सांगतात. एक म्हणजे डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी इंचांत: ३०, ३४, ३६, ३८, ३९, ४१. दुसरी तऱ्हा हाफ, थ्री-फोर्थ आणि फुल साइजची. हातांच्या दृष्टीने खरे माप तिसरेच आहे, ते म्हणजे नटापासून (नेकच्या, म्हणजे दांड्याच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत (पेटीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारेची वाजती लांबी. पूर्ण आकाराच्या क्लासिकल गिटारमध्ये ही लांबी ६५० मिलिमीटर असते. स्पेनचा कारागीर अन्तोनियो दे तोर्रेस याने एकोणिसाव्या शतकात हे माप रूढ केले. यामाहाच्या सीएस४० या थ्री-फोर्थ गिटारमध्ये ती ५८० मिलिमीटर आहे. म्हणजे ‘पाऊण’ म्हणून विकली जाणारी गिटार तारेच्या लांबीने पूर्ण गिटारच्या जवळजवळ नऊदशांश भरते. फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण हाताला तो चांगलाच जाणवतो. सुरुवातीचे सगळे कॉर्ड पहिल्या चार फ्रेटमध्ये, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या पहिल्या चार घरांत असतात. नटापासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर ६५० मिलिमीटरच्या गिटारवर सुमारे १३४ मिलिमीटर, तर ५८०च्या गिटारवर सुमारे १२० मिलिमीटर होते. लहान पंजाच्या करंगळीला हा दीड सेंटिमीटर फार मोठा असतो.

ढोबळ मानाने सहा ते आठ वर्षांच्या मुलाला हाफ साइज म्हणजे साधारण ३४ इंची, आठ ते अकरा वर्षांच्या मुलाला थ्री-फोर्थ म्हणजे साधारण ३६ इंची, आणि अकरा-बारानंतर पूर्ण आकाराची गिटार चालते. मात्र एकाच इयत्तेतल्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो, म्हणून वयापेक्षा मुलाला गिटार घेऊन बसवून पाहणे अधिक भरवशाचे. हात नसलेल्या खुर्चीवर मुलाला बसवावे, पाय जमिनीला टेकलेले असावेत, गिटारची कंबर मांडीवर ठेवावी. उजवा हात वरच्या कडेवरून तारांपर्यंत उतरला पाहिजे, आणि तसे करताना खांदा कानाकडे उचलला जाता कामा नये. डावा हात पहिल्या फ्रेटपाशी गेल्यावर कोपर वाकलेलेच राहिले पाहिजे. हात ताठ होत असेल, किंवा मूल तारा दिसाव्यात म्हणून गिटार पोटावर आडवी पाडत असेल, तर ती त्याच्यासाठी मोठी आहे. शेवटी चारही बोटे पहिल्या ते चौथ्या फ्रेटवर एका तारेवर एकेक करून ठेवायला सांगावीत. ती ओढाताण न होता पोहोचली, तर माप जमले.

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात त्याच हिशेबाने गिटारही मोठीच घेण्याकडे पालकांचा कल असतो. पण ढगळ सदरा अंगात घालता येतो, मोठी गिटार वाजवता येत नाही. लांबीइतकीच जाडी नडते. ड्रेडनॉट हा रुंद, खोल पेटीचा आकार अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये मोठ्या आवाजासाठी बनवला, आणि आज दुकानातल्या ४१ इंची गिटारी बहुतेक याच घडणीच्या असतात. या पेटीच्या तळाची रुंदी ४० सेंटिमीटरच्या घरात जाते. दहा वर्षांच्या मुलाचा उजवा हात त्या पेटीला वळसा घालतानाच अवघडतो. बारीक कमरेची, उथळ पेटीची गिटार थोडी हळू वाजते, पण अंगाशी नीट बसते. सहा वर्षांखालच्या मुलाला गिटारऐवजी युकुलेले देणेही शहाणपणाचे ठरते. तिच्या चार नायलॉन तारांवरचे कॉर्डचे आकार गिटारच्या खालच्या चार तारांवर जसेच्या तसे लागू पडतात, फक्त सूर वेगळे निघतात. पुढे गिटार हातात आली की ती मेहनत वाया जात नाही.

यानंतर येतो तारांचा प्रश्न. स्टीलच्या लाइट सेटमधल्या सहा तारा सुरात लावल्यावर त्यांचा एकूण ताण ७० किलोच्या वर जातो. नायलॉनच्या तारांचा ताण ४० किलोच्या आसपास राहतो. स्टीलची पहिली तार बारीक असते आणि मऊ बोटात रुतते, नायलॉनची जाड आणि गुळगुळीत असते. निव्वळ बोटांच्या दृष्टीने पाहिले तर बारा वर्षांखालच्या बहुतेक मुलांसाठी नायलॉनची क्लासिकल गिटार हीच योग्य सुरुवात आहे. तिच्यात एक गैरसोय आहे. तिचा नेक रुंद असतो: पूर्ण आकारात नटापाशी ५२ मिलिमीटर, तर स्टीलच्या गिटारमध्ये ४३ मिलिमीटरच्या आसपास असतो. रुंदीमुळे बोटे एकमेकांत अडकत नाहीत, पण जाड तारेपर्यंत पोहोचायला अंतर वाढते. लहान मापाची गिटार घेतली की ही अडचण बरीच कमी होते.

निवड शिक्षकावरही ठरते. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या क्लासिकल गिटार परीक्षा द्यायच्या असतील तर नायलॉनच हवी. वर्गात हिंदी-मराठी गाण्यांना कॉर्डची साथ शिकवत असतील तर तिथे स्टीलच्या गिटारी दिसतील. तशा वेळी सर्वांत बारीक, एक्स्ट्रा लाइट तारांचा सेट चढवून घ्यावा. एक गोष्ट मात्र कधीच करू नये: आवाज वाढावा म्हणून क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावणे. तिची पेटी तेवढ्या ताणासाठी बांधलेली नसते. पेटीचा वरचा पडदा फुगतो, नाहीतर ब्रिज उखडून येतो.

लहान गिटारला स्वतःची एक खोड असते. तार तीच, सूर तोच आणि लांबी कमी केली, की ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. ६५० वरून ५८० मिलिमीटरवर आल्यावर तो सुमारे २० टक्क्यांनी घटतो. बोटांना हे सुखाचे, पण हाफ साइजवर तार इतकी सैल पडते की जरा जोरात दाबली तरी सूर चढतो. त्यावर उपाय म्हणजे जास्त ताणाचा सेट लावणे. त्याहून लहान वाद्यात सूरच वर चढवतात. यामाहाचे गिटालेले ४३३ मिलिमीटरचे आहे आणि म्हणूनच ते नेहमीच्या ‘ई’ ऐवजी ‘ए’ मध्ये लावतात.

माप आणि तारा ठरल्या तरी स्वस्त गिटारमधला खरा दोष अजून पुढेच असतो. फ्रेट आणि तार यांच्यामधले अंतर, ज्याला वादक अ‍ॅक्शन म्हणतात, ते कारखान्यातून निघताना बहुधा गरजेपेक्षा जास्त ठेवलेले असते. कारण साधे आहे. तार उंच असली की ती फ्रेटवर खरखरत नाही, आणि फ्रेट काटेकोरपणे घासून सारख्या पातळीवर आणायचा खर्च वाचतो. भुर्दंड वाजवणाऱ्याच्या बोटांना पडतो.

हे अंतर बाराव्या फ्रेटवर मोजतात. शून्य अगदी काठापासून सुरू होणारी स्टीलची पट्टी फ्रेटवर उभी धरावी आणि तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर वाचावे. स्टीलच्या गिटारमध्ये जाड तारेखाली अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोनपर्यंत असावे. क्लासिकलमध्ये अनुक्रमे चार आणि तीन हा प्रघात आहे, मुलांसाठी त्याहून थोडे कमी बरे. स्टीलच्या तारेखाली साडेतीन-चार मिलिमीटर निघाले, तर मोठ्या माणसालाही ती गिटार तासभर वाजवणे जड जाईल.

दुसरी जागा नटाची. तार तिसऱ्या फ्रेटपाशी दाबून धरावी आणि पहिल्या फ्रेटवर ती किती उचललेली राहते ते पाहावे. कागद सरकेल एवढी फट पुरेशी आहे. फट डोळ्यांत भरण्याइतकी असेल तर नटाच्या खाचा उथळ आहेत. अशा गिटारवर पहिल्या फ्रेटचे सूर दाबायला कठीण जातात, शिवाय चढे लागतात. ‘सी’ कॉर्ड बेसूर वाजतो आणि मूल आपलेच काही चुकते आहे असे समजते.

या दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात आणि त्या करून घेणे हीच पहिल्या गिटारवरची सर्वांत उपयोगी गुंतवणूक आहे. कारागीर नटाच्या खाचा बारीक कानशीने खोल करतो आणि सॅडल काढून त्याचे बूड घासतो. बाराव्या फ्रेटवर तार एक मिलिमीटर खाली आणायची, तर सॅडल दोन मिलिमीटर घासावे लागते. म्हणून घेण्यापूर्वी सॅडल ब्रिजच्या वर किती उरले आहे ते पाहावे. तार उंच आणि सॅडल आधीच बुडालेले, अशी जोडी दिसली तर नेकच चुकीच्या कोनात बसवला आहे. ती गिटार कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. नेकमधला ट्रस रॉड त्याचा बाक कमी-जास्त करण्यासाठी असतो, कोन सुधारण्यासाठी नव्हे. स्टीलच्या गिटारमध्ये तो असायलाच हवा, पण अगदी खालच्या किमतीत तो सापडेलच असे नाही.

घरातल्या कपाटातून आजोबांची गिटार निघते, तेव्हा एक जास्तीची तपासणी लागते. हवाईयन गिटारवर चित्रपटगीते वाजवण्याची आपल्याकडे एके काळी मोठी आवड होती, आणि म्हणून साध्या गिटारला ‘स्पॅनिश’ म्हणण्याची रीत जुन्या शिक्षकांत आजही आहे. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी फिरवून वाजवतात, त्यामुळे तिचा नट मुद्दाम उंच केलेला असतो. तो बदलल्याशिवाय बोटांनी वाजवायला ती निरुपयोगी.

सुराची परीक्षा सोपी आहे. क्लिपचा ट्यूनर डोक्याला लावून किंवा फोनवरचे ॲप उघडून सहाही तारा लावाव्यात. मग प्रत्येक तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवावी. मोकळ्या तारेचाच सूर एक सप्तक वर मिळायला हवा. काटा स्पष्टपणे बाजूला गेला तर ब्रिज चुकीच्या जागी चिकटवलेला असू शकतो, आणि तो दोष स्वस्त गिटारमध्ये दुरुस्त करणे परवडत नाही. त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून खरखर ऐकावी. खुंट्या फिरवताना चाक अडखळता किंवा निसटता कामा नये. नेकच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवून फ्रेटची टोके टोचतात का ते पाहावे. एवढ्याला पंधरा मिनिटे लागतात आणि चांगला दुकानदार त्याला हरकत घेत नाही.

लाकडाबद्दल थोडक्यात. स्वस्त गिटारी लिंडनच्या किंवा तत्सम लाकडाच्या प्लायच्या असतात आणि मुलासाठी त्यात कमीपणा नाही. अखंड स्प्रूसचा पडदा जास्त खुलून वाजतो, पण हवेला जास्त संवेदनशील असतो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड ओलावा घेते, पडदा फुगतो आणि तारा उंच होतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात नेक आकसतो आणि फ्रेटची टोके बाहेर डोकावतात. प्लाय हे चढउतार अधिक सोसते. मे महिन्यात बंद गाडीत मात्र कोणतीच गिटार ठेवू नये, उष्णतेने ब्रिजचा डिंक सुटतो.

बाजारात तीन-चार हजारांत बॅग, पट्टा, पिक आणि जादा तारांसह ३८ इंची कट-अवे गिटार मिळते. त्यातला कट-अवे वरच्या फ्रेटसाठी असतो, आणि तिथे नवशिक्याचे बोट वर्ष-दोन वर्षे जात नाही. याच किमतीतल्या गिटारमध्ये लावलेला पिकअपही बिनकामाचा. तेच पैसे सेटअपवर, म्हणजे वर सांगितलेल्या नट-सॅडलच्या दुरुस्तीवर खर्च केले तर कोलकात्याच्या गिव्हसनसारखी साधी गिटारही नीट हाताळता येते. आठ-दहा हजारांपर्यंत जाता येत असेल तर यामाहासारख्या कंपनीच्या सुरुवातीच्या गिटारी घ्याव्यात. त्यांच्या फ्रेटची पातळी आणि सूर एकसारखे निघतात, त्यामुळे निवडीत धोका कमी. ही कंपनी चेन्नईजवळच्या कारखान्यातही गिटारी बनवते. शक्यतो दुकानात जाऊन, दोन-तीन गिटारी शेजारी ठेवून पाहावे. मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या १८६५ पासूनच्या जुन्या दुकानांचा फायदा हाच, की लहान मापाच्या गिटारी एकाच जागी हाताळता येतात. ऑनलाइन मागवायचीच असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत वरच्या सगळ्या तपासण्या उरकाव्यात.

वापरलेली गिटार घ्यायलाही हरकत नाही. पुण्यासारख्या विद्यार्थ्यांच्या शहरात शिक्षण आटोपून जाणारी मुले चांगल्या गिटारी निम्म्या किमतीत सोडतात. तिथे ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का, नेक पिळलेला आहे का आणि पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी खोल घळी पाडल्या आहेत का, एवढे पाहावे. गंजलेल्या तारा हा दोष नव्हे, त्या बदलता येतात.

घरी आल्यावर नायलॉनच्या नव्या तारा आठवडा-दोन आठवडे ताणत राहतात आणि दर काही मिनिटांनी उतरतात. गिटार बिघडलेली नसते, रोज पुन्हा लावत राहिले की तारा स्थिरावतात. स्टीलच्या तारा वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसाव्यात, समुद्राकाठच्या गावांत तर न चुकता. बोटांची टोके पहिले काही आठवडे दुखतात, म्हणून दहा-दहा मिनिटांच्या दोन बैठका एका लांब बैठकीपेक्षा बऱ्या. पहिल्या किंवा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा लावला तर तारा आणखी खाली येतात आणि फ्रेटमधले अंतरही कमी होते. थ्री-फोर्थ गिटार साधारण दोन ते चार वर्षे पुरते. मुलाचे कोपर नटापाशी फारच दुमडू लागले आणि वरच्या फ्रेटवर बोटे दाटीवाटीने बसू लागली की पुढच्या मापाची वेळ झाली. नीट ठेवलेल्या लहान गिटारला वर्गातल्याच एखाद्या धाकट्या विद्यार्थ्याच्या घरी सहज गिऱ्हाईक मिळते.