४ अधिक ४, वेग १३३३

एप्रिलची सकाळ. लासलगावच्या बाजार आवाराकडे उन्हाळ कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलीय. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले शेतकरी ट्रॉलीला टेकून लिलावाची वाट पाहतात. डिझेलचा धूर, कांद्याचा वास. रांगेच्या कडेनं चालत मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात शिरतो.

टेबलावर कांद्याच्या खळ्यावरचा सीपीयू उघडा पडलाय. २०११-१२च्या सुमाराचा, दुसऱ्या पिढीचा आय-थ्री. ब्लोअर सुरू होतो. धुळीबरोबर कांद्याची सालं उडतात. पंख्यात अडकलेलं एक साल चिमट्यानंच ओढावं लागतं.

खळ्यावरचे मुनीमकाका स्टुलाच्या कडेवर बसलेत. "एक हिशोबपट्टी निघायला किती वेळ लागतो रे! शेतकरी काट्यावरून येतो आणि पैशासाठी ताटकळतो."

आत ४ जीबी रॅमची एकच स्टिक. हिशोबाचं सॉफ्टवेअर, ब्राउझर, बँकेचं पान एकदम उघडलं की ती भरते. मग विंडोज न मावणारा भाग हार्ड डिस्कवर टाकतं. डिस्कचा दिवा विझतच नाही.

दुकानदार जुन्या रॅमचा डबा काढतो. पहिली स्टिक निघते ती डीडीआर-४. पिना २८८, खाच वेगळ्या जागी. या बोर्डाला २४० पिनांची डीडीआर-३च लागते. इथं जोर लावला तर स्लॉटच जायचा. डबा पुन्हा चाळला जातो. मिळते ती डीडीआर-३, ४ जीबीच, पण १६००ची. आधीची १३३३ची.

"वेग जुळत नाही. चालेल?"

"चालेल काका. दोन्ही १३३३वर चालतील."

प्रत्येक स्टिकवर एक बारीक चिप असते. तिच्यात त्या स्टिकला झेपणारे वेग नोंदलेले असतात. मशीन सुरू होताना बोर्ड ती नोंद वाचतो आणि दोघींना पेलेल तो वेग धरतो. नव्या स्टिकची क्षमता सेकंदाला १२.८ जीबी, ती १०.६वर येते. खळ्यावर हा फरक कोणाला जाणवणारही नाही. १३३३ची मेमरीसुद्धा त्या डिस्कच्या कितीतरी पट पुढं असते. तुटवडा जागेचा होता.

पिनांवरून खोडरबर फिरतं. खट्. बटण. स्क्रीन काळी, बीप-बीप. स्टिक काढून पुन्हा दाबली जाते. या वेळी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसतात. स्क्रीनवर आकडे उमटतात: ८१९२ एमबी, १३३३. विंडोज ६४-बिट आहे, हेही दुकानदार पाहून घेतो. ३२-बिट असतं तर ४ जीबीच्या पुढची जागा वायाच.

आता मेमरीची तपासणी. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकते. पत्र्याखाली घाम निथळतो. चहा येतो. बाहेर बोलीचा आवाज चढतो, उतरतो. काकांना घाई आहे, पण दुकानदार पट्टी पुरी होऊ देतो. मला हे फार मोलाचं वाटतं. वेगवेगळ्या बनावटीच्या स्टिक एकत्र टाकल्या की बिघाड कधीकधी तासाभरानं दिसतो, आणि तेव्हा हिशोबपट्टी अर्धी छापून मशीन बंद पडलेलं असतं.

एकही चूक निघत नाही.

"पुढं जुनी काढून दोन्ही १६००च्या टाकू का?" काका विचारतात.

"नका टाकू. तुमचा प्रोसेसरच १३३३च्या वर जात नाही. पैसे उरले तर एसएसडी घ्या."

काका मान डोलावतात, नोटा मोजतात. झाकणाचे स्क्रू आवळले जातात. दुपारच्या लिलावाआधी मशीन खळ्यावर पोचायला हवं.