एक घर, दोन रांगा

परदेशगमन ही आपल्या घरांतून आतां नवलाईची गोष्ट राहिलेली नाहीं. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां समुद्र ओलांडून आलेल्या माणसास पंक्तीला घ्यावें कीं नाहीं, हा मोठ्या वादाचा विषय होता. प्रायश्चित्ताचे ते दिवस गेले. आज ओतूर, नारायणगांव, मंचर, घोडेगांव या बाजूच्या कितीतरी घरांतील मुलें अमेरिकेंत, जर्मनींत, सिंगापुरांत संसार थाटून आहेत, आणि सुटींत घरीं आलेल्या मुलाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कोणी अडवीत नाहीं. परंतु पंक्तीचा प्रश्न संपला, असें मात्र नव्हे. तो आपल्या ओटीवरून उठून विमानतळावर गेला आहे. तेथें माणसानें कोणत्या रांगेंत उभें राहावें, हें त्याचें कूळ किंवा गोत्र ठरवीत नाहीं. त्याच्या हातांतील पासपोर्ट ठरवितो. आणि एकाच घरच्या माणसांच्या हातांत निरनिराळ्या देशांचे पासपोर्ट असले, म्हणजे त्या घराचे तेथें दोन भाग होतात.

उदाहरणादाखल जुन्नर तालुक्यांतील एक घर डोळ्यांसमोर आणावें. आजोबा व आजी गांवीं असतात. मुलगा संगणकाच्या व्यवसायानिमित्त कॅलिफोर्नियांत आहे. तो व सूनबाई दोघेंही भारतीय नागरिक असून नोकरीच्या मुदतबंद व्हिसावर तेथें राहतात. थोरली नात पुण्यास जन्मली, म्हणून तिचा पासपोर्ट भारताचा. धाकटा नातू तिकडे जन्मला, आणि त्या देशाच्या राज्यघटनेंतील १८६८ सालच्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारें तो जन्मतःच अमेरिकन नागरिक ठरला. (तात्पुरत्या वास्तव्यावर असलेल्यांच्या मुलांना हा हक्क नसावा, असा हुकूम जानेवारी २०२५ मध्यें तिकडे निघाला व तो वाद न्यायालयांत गेला.) मंडळी मुंबईस उतरलीं कीं आई, वडील व ताई भारतीयांच्या रांगेचीं, आणि आठ वर्षांचा नातू तेवढा परकीयांच्या रांगेचा. परत जातांना तिकडच्या विमानतळावर चित्र नेमकें उलटें: नागरिकांच्या रांगेचा अधिकार एकट्या धाकट्याला, आणि त्याला बोटाला धरून चालविणारीं तिघें पाहुण्यांत! आजोबांच्या देशांत आपण परके कसे, असें त्या मुलानें विचारलें तर त्याला काय सांगावयाचें, हा ह्या लेखाचा विषय आहे.

घाटमाथ्यावरची जुनी चौकी

प्रवाशास थांबवून त्याची तपासणी करावयाची, ही गोष्ट जुन्नरच्या मातीला नवी नाहीं. कोंकणांतून वर येणाऱ्या नाणेघाटांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे, आणि माथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांनीं जकातीचें नाणें त्यांत टाकावें व मग पुढें जावें, ही परंपरेची हकीकत आपल्याकडील प्रत्येक मुलानें ऐकलेली असते. ह्या व्यापारी नगरींत यवनही होते. येथील लेण्यांच्या दानलेखांत इरिल, चिट व चंद अशीं तीन यवनांचीं नांवें कोरलेलीं आहेत. इरिलानें पाण्याच्या दोन टांक्या दिल्या. चिटानें भिक्षुसंघासाठीं भोजनमंडप दिला. त्यांच्या नांवापाशीं ‘यवन’ हा शब्द उघड लिहिलेला आहे, आणि तरीही संघ त्या मंडपांत जेवावयास बसला. परका म्हणून नोंद होणें निराळें आणि परका म्हणून वागविलें जाणें निराळें, हा विवेक जुन्नरास सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं होता. विमानतळावरच्या रांगांकडे पाहतांना तोच विवेक आपल्या उपयोगी पडणारा आहे.

कायदा माणसें मोजतो

भारताच्या राज्यघटनेला दुहेरी नागरिकत्व मान्य नाहीं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणें, भारतीयानें आपण होऊन दुसऱ्या देशाचें नागरिकत्व स्वीकारलें कीं त्याचें येथील नागरिकत्व संपतें. परदेशांत जन्मलेल्या मुलाची नोंद आईबापांना एक वर्षाच्या आंत भारतीय वकिलातींत करतां येते. पण त्या वेळीं मुलापाशीं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाहीं, असें लिहून द्यावें लागतें. म्हणजे निवड आईबापांना मूल पाळण्यांत असतांनाच करावी लागते, आणि तिचा परिणाम मात्र मुलाच्या साऱ्या आयुष्यावर होतो.

ह्या अडचणीवर तोडगा म्हणून २००५ च्या दुरुस्तीनंतर ओसीआय कार्ड सर्वत्र मिळूं लागलें. त्यानें भारतांत आयुष्यभर व्हिसावांचून केव्हांही येतां येतें व हवें तितके दिवस राहतां येतें. परदेशी सुनेला किंवा जांवयालाही लग्नाची नोंदणी होऊन तें दोन वर्षें टिकल्यावर हें कार्ड मागतां येतें. मात्र नांवांत नागरिक हा शब्द असला तरी हें नागरिकत्व नव्हे. कार्डधारकास मत नाहीं, आणि शेतजमीन विकत घेण्याचा हक्क नाहीं.

तिकडच्या कायद्याचा कांटा तर भावंडांमध्येंच रुततो. वर सांगितलेल्या घरांतील थोरल्या मुलीला वडिलांच्या नोकरीमुळें मिळालेला व्हिसा तिच्या २१ व्या वर्षीं संपतो. अमेरिकेंत कायम राहण्याचे परवाने देतांना कोणत्याही एका देशाच्या वांट्याला वार्षिक संख्येच्या ७ टक्क्यांहून अधिक जाऊं नयेत, असा नियम असल्यामुळें भारतीयांची प्रतीक्षा वर्षानुवर्षें लांबते. धाकट्याचें नागरिकत्व आईवडिलांच्या कामीं येईल म्हणावें, तर तो स्वतः २१ वर्षांचा होईपर्यंत त्याला त्यांच्यासाठीं अर्ज करतां येत नाहीं. विमानतळावरची दोन रांगांची घटका लवकर सरते. तिच्यामागें असलेलें हें अंतर मात्र अनेक वर्षांचें असतें.

एका पुस्तकांतलें कुटुंब

पूर्वीं असें नव्हतें काय? हिंदुस्थानांत प्रवेशासाठीं पासपोर्ट सक्तीचा करण्याचा कायदा १९२० सालचा. त्या काळीं आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षें नवऱ्याच्याच पासपोर्टांत बायकोचें व मुलांचीं नांवें लिहिण्याची पद्धत अनेक देशांत होती. सारें कुटुंब एका पुस्तकांत मावत असे. परंतु ह्या एकीची किंमत बहुधा स्त्रीला द्यावी लागे. परकीयाशीं लग्न करणारी ब्रिटिश स्त्री १९४८ च्या कायद्यापर्यंत साधारणपणें स्वतःचें राष्ट्रीयत्व गमावीत असे. आतां माणसागणिक पासपोर्ट हा दंडक आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनें सर्वत्र रूढ केला आहे. त्यामुळें रांगा वाढल्या हें खरें. पण आईला स्वतःचें स्थान मिळालें, आणि मुलाला कोणी परस्पर घेऊन जाऊं नये, ह्याचा थोडा बंदोबस्त झाला. भारतांतही १९२० चा तो कायदा, १९३९ चा परकीयांच्या नोंदणीचा व १९४६ चा परकीयांविषयींचा, हे तिन्ही जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून एकच नवा कायदा लागू झाला आहे.

मराठी माणसाच्या बहुराष्ट्रीय संसाराचें मोठें उदाहरण म्हणजे डॉ. पांडुरंग खानखोजे यांचें. वर्ध्याकडचे हे गदर पक्षाचे क्रांतिकारक पुढें मेक्सिकोंत शेतकीचे नामांकित शास्त्रज्ञ झाले. १९३६ सालीं त्यांनीं एका बेल्जियन बाईंशीं लग्न केलें. दोन मुली झाल्या. इंग्रज सरकारच्या काळ्या यादींत त्यांचें नांव होतें, आणि स्वातंत्र्यानंतरही त्या यादीमुळें त्यांना भारतांत येण्यास आरंभीं परवानगी नाकारण्यांत आली. ज्या देशासाठीं घरदार सोडलें, त्याच देशाच्या दारांत अडवणूक! शेवटीं परवानगी मिळाली, ते नागपुरास येऊन राहिले व १९६७ सालीं वारले. अशा माणसालाही कागदानें परकें ठरविलें होतें, हें आठवलें म्हणजे कागदाच्या शब्दाला किती मान द्यावा, हें आपोआप कळतें.

देशोदेशींच्या रीती

सर्वच देश कुटुंबाकडे डोळेझांक करतात असें नाहीं. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणें, मुक्त संचाराचा हक्क असलेल्या नागरिकाबरोबर प्रवास करणारी त्याची परदेशी पत्नी किंवा मुलें संघाच्या नागरिकांच्याच मार्गिकेनें जाऊं शकतात. अमेरिकेंत एक गमतीची गोष्ट आहे: जकातीच्या निवेदनापुरतें एका घरांत राहणारें कुटुंब एकच मानतात. सामानाच्या बाबतींत घर एक, आणि माणसांच्या बाबतींत जो तो निराळा! मात्र लहान मुलें बरोबर असलीं आणि रांगेच्या तोंडाशीं असलेल्या कर्मचाऱ्यास विचारलें, तर तेथेंही पुष्कळदां सर्वांना एकत्र सोडतात; शेवटचा शब्द त्या अधिकाऱ्याचा.

यंत्रांचीं दारें आल्यापासून प्रश्नाला नवें वळण लागलें आहे. इंग्लंडांत २०२३ पासून १० वर्षांचें मूलही मोठ्या माणसाबरोबर अशा दारानें जाऊं शकतें. परंतु तीं दारें ठराविक देशांच्याच पासपोर्टांना उघडतात, आणि भारताचा त्यांत समावेश नाहीं. आपल्याकडे जून २०२४ मध्यें दिल्लीस व जानेवारी २०२५ मध्यें मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आगाऊ नोंदणी केलेल्यांसाठीं अशी सोय झाली. ती भारतीयांना व ओसीआय कार्डधारकांना आहे. दुसऱ्या कोणत्याही परकीयाला नाहीं. यंत्र चेहरा ओळखतें, नातें ओळखीत नाहीं. ज्यांना एकत्र जावयाचें आहे त्यांनीं वेगाचा मोह सोडून माणूस बसलेल्या खिडकीकडे जावें, हेंच बरें.

निघण्यापूर्वीं

आपल्या मंडळींना बहुधा मुंबईहून विमान गांठावयाचें असतें, आणि माळशेज घाट उतरल्यावर विसरलेला कागद घेण्यास परत फिरतां येत नाहीं. म्हणून कांहीं गोष्टी घरींच पाहाव्या.

परदेशी पासपोर्ट असलेलें तान्हें मूलही व्हिसा किंवा ओसीआय कार्ड असल्यावांचून भारतांत येऊं शकत नाहीं. आईबाप भारतीय आहेत, एवढें पुरत नाहीं. ओसीआय कार्डाबरोबर चालू मुदतीचा पासपोर्ट हवाच. एकटें कार्ड चालत नाहीं.

आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया लग्नानंतरही माहेरचें आडनांव ठेवतात, आणि मुलाच्या नांवामागें वडिलांचें नांव लागतें. परदेशी अधिकाऱ्यास हा प्रकार उमगत नाहीं. आई व मूल यांचीं आडनांवें निराळीं असलीं तर मुलाचा जन्मदाखला व विवाहाचा दाखला हाताशीं असावा. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल, तर दुसऱ्याचें संमतिपत्र बरोबर ठेवावें.

रांग निवडतांना साधा नियम असा कीं, ज्याचा अधिकार सर्वांत कमी, त्याच्या रांगेंत सर्वांनीं जावें. नागरिक पाहुण्यांत उभा राहिला तर सहसा कोणी हरकत घेत नाहीं. पाहुणा नागरिकांत सांपडला तर त्याला परत पाठविण्याचा संभव असतो. तास-अर्धा तास अधिक लागेल, पण लहान मूल किंवा म्हातारें माणूस एकटें पडणार नाहीं.

आजी-आजोबांची काळजी विशेष घ्यावी. चाकांची खुर्ची मागितली कीं मदतनीस त्यांना निराळ्या वाटेनें पुढें नेतो, आणि पासपोर्ट मात्र मुलाच्या पिशवींत मागें राहतात. त्यांचे कागद, मुलाचा पत्ता व दूरध्वनी, आणि परतीचें तिकीट त्यांच्या स्वतःच्या हातीं असावें. कोठें जातां, किती दिवस राहणार, कोणाकडे उतरणार, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें त्यांच्याकडून घरींच म्हणवून घ्यावीं.

ओटीवरचा विचार

परदेशचें नागरिकत्व घ्यावें कीं न घ्यावें, हा निर्णय पुष्कळदां मुलगा व सून दोघेंच घेतात, आणि गांवीं तो नंतर कळतो. एकत्र कुटुंबांत असें होऊं नये. जुन्नर-आंबेगांवाकडे ज्यांची थोडीबहुत शेतजमीन आहे, त्यांनीं तर तो विचार सर्वांनीं मिळून करावा. वारसानें आलेली शेती ओसीआय कार्डधारकाला ठेवतां येते, म्हणून सात-बाऱ्यावरचें नांव जाईल ही भीति अनाठायीं आहे. परंतु शेजारचा एक गुंठाही त्याला विकत घेतां येणार नाहीं. ह्या गोष्टी बैठकींत स्पष्ट बोलल्या, म्हणजे पुढें भावाभावांत गैरसमज होत नाहींत. नागरिकत्व बदलणाऱ्या मुलावर रोष धरण्याचेंही कारण नाहीं. मुलीला २१ व्या वर्षीं देश सोडावा लागूं नये म्हणून एखादा बाप ती पायरी चढत असतो; त्यांत मातृभूमीचा त्याग शोधूं नये.

राहिला त्या आठ वर्षांच्या मुलाचा प्रश्न. त्याला खोटी समजूत घालूं नये. पासपोर्ट हा सरकारनें दिलेला दाखला आहे. कोणत्या सरकारनें तुझी जबाबदारी घेतली आहे, एवढेंच तो सांगतो. तूं कोणाचा आहेस, हें तो सांगत नाहीं, असें त्याला सरळ सांगावें. सुटींत गांवीं आल्यावर त्याला शिवनेरीवर न्यावें, लेण्यांत न्यावें, आणि परदेशांतून आलेल्या चिट नांवाच्या माणसानें ह्याच जुन्नरांत भोजनमंडप बांधून दिला, ही गोष्ट सांगावी. आणि घरीं आल्यावर त्याचें पान आजोबांच्या शेजारीं मांडावें. विमानतळावरची रांग आपल्या हातीं नाहीं. घरची पंक्त पूर्णपणें आपल्याच हातीं आहे.