बँक 'मर्ज' झाली म्हणजे बुडाली का?

आपल्या भागात 'मर्ज' हा इंग्रजी शब्द अनेक घरांत पासबुकातून शिरला. १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक बँक ऑफ बडोदात गेली, तर १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत. त्या सुमारास नातवाने आमच्या आज्जींना सांगितले, "आज्जी, तुझी बँक मर्ज झाली." आज्जींनी घाबरून विचारले, "म्हंजे बुडाली काय रे?" सगळे हसले. ठेव अर्थातच जागेवर होती. पण शब्दापुरते बोलायचे तर आज्जी चुकल्या नव्हत्या.

लॅटिनमधल्या 'मेर्गेरे' या क्रियापदाचा अर्थच मुळी बुडवणे. 'सबमर्ज' म्हणजे पाण्याखाली जाणे आणि 'इमर्ज' म्हणजे वर येणे, ही त्याचीच भावंडे. सतराव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा 'मर्ज'ही बुडण्या-बुडवण्याच्याच अर्थाने वापरात होता. पुढे इंग्रजी कायद्यात तो रुळला. समजा, पट्ट्याने घेतलेली जमीन पट्टेदारानेच विकत घेतली. मग त्याचा पट्टा मालकीहक्कात बुडतो, वेगळा उरत नाही. हा 'मर्जर'. मोठ्यात लहान जिरते, हे त्यात गृहीतच आहे. कंपन्या आणि बँका त्यानंतरच्या.

गंमत पुढेच आहे. संस्कृतमधला 'मज्ज्' म्हणजे बुडणे हा धातू या लॅटिन शब्दाचा सख्खा नातेवाईक. 'मग्न' आणि 'निमग्न' त्याच्यापासून झाले. मराठीत मग्न, कन्नडातही मग्न. म्हणजे 'मर्ज' आपल्या घरात आधीपासूनच होता, नाव तेवढे वेगळे.

वर्तमानपत्रे मात्र दोन्ही भाषांत 'विलीन' लिहितात. त्यातला 'ली' म्हणजे विरघळणे. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीनीकरण की वेगळा केंद्रशासित प्रदेश, असा कौल घेतला गेला आणि लोकांनी वेगळे राहणे निवडले. विरघळायला सगळेच तयार नसतात!

'कंबाइन'ची गोष्ट निराळी. त्यात लॅटिन 'बीनी' आहे, म्हणजे दोन-दोन. जोडी जमते, पण दोघे दोनच राहतात. आमच्या सूनबाई धारवाडच्या. त्या ताटात रोट्टी वाढतात, आज्जी तिलाच भाकरी म्हणतात आणि नातू दोन्ही नावांनी मागून खातो. याला मर्ज म्हणायचे की कंबाइन, ते तुमच्या घरात एकदा विचारून पाहा.

आज्जींनी नवे पासबुक घेतले. जुनेही टाकलेले नाही.