त्वचेवरचा कण आणि मात्रेचा हिशेब

कर्नाटकातील अणुविजेचा विषय निघाला की नोव्हेंबर 2009 मधील कैगा अणुवीज केंद्रातील घटना आठवावी हे स्वाभाविक आहे. ट्रिटियमयुक्त जड पाणी तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये मिसळले गेले आणि पन्नासच्या आसपास कामगारांच्या लघवीत ट्रिटियम वाढलेले आढळले. त्या घटनेवरून त्वचेला मिळणाऱ्या मात्रेचा, म्हणजे ऊतींनी शोषलेल्या प्रारणाच्या मापाचा, अंदाज बांधणे मात्र चुकीचे आहे. ट्रिटियममधून बाहेर पडणारे बेटा कण, अर्थात इलेक्ट्रॉन, इतके दुबळे असतात की ते त्वचेच्या वरच्या मृत थरातच जिरतात, आणि ट्रिटियम शरीरात शिरले तरच प्रश्न उद्भवतो.

‘हॉट पार्टिकल’ हा याच्या नेमका उलट प्रकार. नावावरून तो तापलेला असावा असे वाटते, पण त्याची ऊब लागत नाही आणि बहुधा तो डोळ्यांना दिसतही नाही. इंधनाच्या आवरणातील सूक्ष्म छिद्रातून निसटलेला कण, किंवा झडपांवरील स्टेलाइट या कोबाल्टयुक्त मिश्रधातूची झीज अणुभट्टीत जाऊन कोबाल्ट-60 बनलेली धूळ, यंत्रणा दुरुस्तीला उघडल्यावर हातमोज्याला किंवा मनगटाला चिकटते.

छातीवरचा बिल्ला अशा कणाची मात्रा नोंदवतो, हा समज सर्वांत घट्ट आहे. भारतात वापरल्या जाणाऱ्या बिल्ल्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात आणि त्या शरीराला सर्वसाधारणपणे मिळालेले प्रारण सांगतात. मनगटावरच्या ठिपक्याएवढ्या जागेचे त्यांना कळत नाही. म्हणून ही मात्रा मोजली जात नाही, काढावी लागते: कणात कोणते किरणोत्सारी मूलद्रव्य किती आहे, मध्ये हातमोज्याचा थर होता का, आणि कण किती वेळ चिकटून राहिला, यांवरून त्वचेखाली 70 मायक्रोमीटरवर, जिथे नव्या पेशी तयार होतात, तिथली मात्रा काढतात. यासाठी अमेरिकेत ‘वारस्किन’ हा संगणकीय कार्यक्रम वापरतात. यात वेळ हाच बहुधा कच्चा दुवा असतो; कण केव्हा चिकटला हे कोणालाच ठाऊक नसल्याने शेवटच्या निर्दोष तपासणीपासूनचा सगळा काळ धरावा लागतो, आणि त्यामुळे कागदावरचा आकडा प्रत्यक्षाहून मोठा निघू शकतो.

तो आकडा शरीरभराच्या मात्रेशेजारी ठेवणे हाही गोंधळच. कर्मचाऱ्यासाठी संपूर्ण शरीराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट असते, तर त्वचेची 500, कारण इथे चिंता मुख्यतः त्या जागी व्रण पडण्याची असते. कर्करोगाची भीती त्यामानाने दुय्यम. शिवाय सरासरी कितीशा त्वचेवर काढली यावर आकडा ठरतो. आंतरराष्ट्रीय शिफारशी 1 चौरस सेंटिमीटर धरतात, अमेरिकेने 2002 मध्ये 10 धरले; त्यामुळे एकाच कणाची मात्रा एका हिशेबात 400 आणि दुसऱ्यात जेमतेम 40 मिलिसिव्हर्ट निघू शकते, त्वचेला झालेली इजा मात्र तेवढीच राहते.