माळेगावला मुक्कामी जाताना

मार्गशीर्षाच्या अखेरीस देवस्वारीने माळेगावची (ता. लोहा) खंडोबा यात्रा सुरू होते. मुदखेडहून रेल्वेने नांदेड, पुढे लोह्यावरून एसटी. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी मोफत, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. त्यामुळे घरचं बजेट कोलमडतं ते तमाशाची तिकिटं, चहा आणि पोरांच्या पाळण्यांवर. ते पैसे आधीच वेगळ्या खिशात ठेवा.

थंडीला मात्र हलक्यात घेऊ नका. उघड्या माळावर पहाटेचं दव गोधडी ओली करतं. खाली ताडपत्री, तिच्यावर सतरंजी, अंगावर दोन गोधड्या आणि वरून प्लास्टिकचा कागद एवढं हवंच. मफलर, बॅटरी, पाण्याचा कॅन. दुधात मळलेल्या दशम्या नि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस सहज पुरते. लावणी महोत्सवाचा दिवस आधी विचारून घ्या, मुक्काम त्यावर ठरवा.