एजंट आपला की बिल्डरचा?

साइट ऑफिसच्या काचेच्या दारातून आत शिरलं की कॉफीच्या आधी एक टॅब पुढ्यात येतो. नाव, मोबाइल नंबर, बजेट आणि शेवटी एक साधासुधा प्रश्न : ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ पुतण्यासाठी फ्लॅट बघायला बावधनला गेलो होतो, तेव्हा मी बिनदिक्कत ‘होर्डिंग’वर टिचकी मारली. आठवड्याभरानं ओळखीच्या एजंटला सोबत नेलं, तर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, ‘सर, तुमचं टॅगिंग डायरेक्ट झालंय. आता यांना नाही घेता येणार.’

टॅगिंग म्हणजे हे गिऱ्हाईक कुणाच्या खात्यावर, याची नोंद. ‘डायरेक्ट’ नोंद झाली की एजंटला दलाली नाही आणि बिल्डरचा तेवढा खर्च वाचला. तो वाचलेला पैसा आपल्या किमतीतून आपोआप वजा होतो असं मात्र कुणी समजू नये. म्हणून एजंट न्यायचाच असेल तर पहिल्याच फेरीला न्यावा.

पण न्यावा का? नव्या इमारतींतल्या एजंटला हल्ली ‘चॅनल पार्टनर’ म्हणतात, आणि पार्टनर कुणाचा हे त्या नावातच आहे. गिऱ्हाइकाकडून तो बहुधा काही घेत नाही, त्याची दलाली बिल्डर देतो. ८० लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्के धरले तरी १ लाख ६० हजार. शेजारच्या प्रकल्पात चार टक्के मिळत असतील, तर ‘साहेब, तिथलं वातावरण फॅमिलीसाठी चांगलंय’ हे वाक्य आपोआप तोंडी येतं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. मग काही एजंट स्वतःच्या दलालीतला वाटा गिऱ्हाइकाला परत देऊ करतात. त्याला बाजारात ‘पासबॅक’ म्हणतात. पैसे मिळाल्यानं माणूस खूश होतो, पण सल्ला तर त्याला मिळालेलाच नसतो.

कायद्यानं एजंटला अगदीच मोकळं सोडलेलं नाही. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार त्याला नोंदणी लागते, आणि बुकिंगच्या वेळी घेणाऱ्याच्या हक्काची कागदपत्रं त्याच्या हाती पडतील हे पाहणं एजंटचं काम आहे. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक ‘पी’नं सुरू होतो, एजंटचा ‘ए’नं. व्हिजिटिंग कार्डावर हा ‘ए’ दिसला नाही, तर पुढं बोलूच नये.

आमची भाची अमेरिकेत असते. तिनं डॅलसजवळ नवं घर घेतलं, तेव्हा तिथंही हाच पेच होता. नमुना घरात हसून स्वागत करणारा विक्रेता बिल्डरचा, आणि आपला एजंट पहिल्या भेटीला नसेल तर अनेक बिल्डर त्याला मानत नाहीत. फरक एवढाच, की १७ ऑगस्ट २०२४ पासून तिथं एजंटनं घर दाखवण्याआधी घेणाऱ्याशी लेखी करार करायचा असतो आणि त्यात फी किती हेही लिहायचं असतं. आपल्याकडे एजंटशी असा करार सहसा कुणी करत नाही. करायला आडकाठी कसलीच नाही.

आम्ही शेवटी एक वकीलबाई गाठल्या. त्यांची फी आम्ही दिली, एका चौरस फुटाच्या भावापेक्षा थोडी जास्त. त्यांनी सगळ्यात आधी कॉस्ट शीट मागवलं. ‘७५० युजेबल कार्पेट’मधली बाल्कनी वगळल्यावर रेरा कार्पेट उरलं ६६०, आणि करारात येणारा आकडा हाच. मग ८० लाखांवर ७ टक्के मुद्रांक म्हणजे ५ लाख ६० हजार, नोंदणीचे ३० हजार, ५ टक्के जीएसटीचे ४ लाख. बेरीज ८९ लाख ९० हजार, शिवाय पार्किंग, क्लब आणि दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स. बाई म्हणाल्या, ‘फ्लॅट एकट्या सूनबाईंच्या नावावर घेतलात तर मुद्रांक एक टक्क्यानं कमी.’ ८० हजार वाचले, म्हणजे त्यांची फी कित्येक पटींनी वसूल. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीत जीएसटी लागत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पुतण्या तेव्हापासून तयार फ्लॅटांकडे आशेनं बघायला लागला.

‘ऑफर रविवारपर्यंतच आहे’ म्हणत बिल्डरच्या माणसांनी २० टक्के मागितले, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, ‘नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत. कलम १३.’ रविवार आला आणि गेला. ऑफर होती तिथंच होती.

सगळ्यात मोठा घोळ तारखेचा निघाला. तोंडी सांगितलेला ताबा डिसेंबर २०२६ चा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तारीख डिसेंबर २०२८. ताबा रखडला तर मिळणारं व्याज करारातल्या तारखेपासून मोजतात, ब्रोशरमधल्या नाही. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

‘ती रेराची तारीख आहे मॅडम. आम्ही त्याच्या आधीच देतो,’ मुलगी म्हणाली.

‘छान. मग २०२६ च करारात लिहा.’

ती मॅनेजरला विचारून येते म्हणून आत गेली. तोवर आमच्यासाठी दोनदा कॉफी आली.